कायम पेटलेला पिवळा दिवा : एका साखर कारखान्यातल्या नऊ फोर्सचं प्रकरण

वायरमन बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) शूटजवळ शिडीवर उभा राहून, शूट तुंबल्याचं कळवणाऱ्या चोक-अप स्विचची पट्टी दाबत होता आणि खाली कंट्रोल रूममधून इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर वॉकीटॉकीवर ओरडत होते, "दाबलं का? अहो काका, दाबलं का?" काकांनी दाबलं होतं. पॅनेलमधल्या इनपुट कार्डावरचा १४ नंबरचा बारीक दिवा विझलाही होता. स्क्रीनवरचं बिट, म्हणजे त्या स्विचची ०-१ खूण, मात्र हिरवंच. पट्टी सोडली की कार्डावरचा दिवा परत लागे. स्क्रीन जशीच्या तशी.

मी पोचलो तेव्हा या खेळाचा तिसरा दिवस होता. तोवर कार्ड बदलून झालं होतं, टर्मिनल ब्लॉक बदलून झाला होता, शूटपासून पॅनेलपर्यंतची केबल मेगर करून (इन्सुलेशन तपासून) झाली होती. दुसरं कार्डही "खराब निघालं" म्हणून बाजूला ठेवलेलं होतं. सप्टेंबरचा तिसरा आठवडा. दसऱ्याला बॉयलरचं अग्निप्रदीपन, त्यानंतर गव्हाणीत मोळी टाकायचा कार्यक्रम, पाहुणे ठरलेले. कारखाना पश्चिम महाराष्ट्रातला, सहवीजनिर्मिती असलेला. कुठला ते सांगत नाही. असे दिवे मी इतर ठिकाणीही पाहिले आहेत, आणि हा लेख कोणाला पकडून देण्यासाठी नाही.

पॅनेलचं दार उघडलं. आत कंट्रोल-लॉजिक्सचा रॅक, एल ६३ कंट्रोलर. त्यावर बगॅसच्या धुळीचा पातळ थर. बोटाने पुसलं तेव्हा खालून एक पिवळा दिवा दिसला, स्थिर, न लुकलुकणारा. त्याच्या शेजारी 'फोर्स' असं लिहिलेलं.

"हा कधीपासून लागलाय?"

"तो ना, तो लागलेलाच असतो," इंजिनिअर म्हणाले. "रन, आयओ, ओके हिरवे, तो पिवळा. असंच आहे."

दोन कार्डं आणि तीन दिवस त्या "असंच आहे"मध्ये गेले होते.

फोर्स बसतो कुठे

हा कंट्रोलर म्हणजे पीएलसी, कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा संगणक. त्याचं रोजचं काम साधं असतं. इनपुट कार्डाने फिल्डमधून आलेली स्थिती वाचायची, प्रोग्रॅमने ती बघून निर्णय घ्यायचा, आउटपुट कार्डाने तो निर्णय मोटरपर्यंत किंवा व्हॉल्व्हपर्यंत न्यायचा. फोर्स म्हणजे एखाद्या पॉइंटवर खऱ्या स्थितीऐवजी हाताने बसवलेली कायमची व्हॅल्यू. इनपुटचा फोर्स कार्ड आणि प्रोग्रॅम यांच्या मधे बसतो, आउटपुटचा फोर्स प्रोग्रॅम आणि कार्ड यांच्या मधे. एखाद्या कारकुनाने अर्ज साहेबांच्या टेबलावर जाण्याआधीच त्यातला आकडा बदलावा, तसं. अर्जदार खरं लिहितो, साहेबही प्रामाणिकपणे सही करतात, आणि तरी निर्णय चुकतो.

म्हणून कार्डावरचा दिवा विझला होता. कार्डाला खरं दिसत होतं. प्रोग्रॅमला मात्र १४ नंबरचा पॉइंट कायम १ असल्याचं सांगितलं जात होतं. कार्डावरचा दिवा बदलतो आणि टॅग (प्रोग्रॅममधलं त्या पॉइंटचं नाव आणि व्हॅल्यू) बदलत नाही, ही इनपुट फोर्सची ओळखीची खूण आहे. अशा वेळी स्क्रू-ड्रायव्हर उचलण्याआधी लॅपटॉप उघडावा.

व्हॅल्यू एकदा लिहिणं आणि फोर्स करणं यातला फरकही इथेच सांगतो, कारण बोलताना लोक दोन्हीला "बिट मारलं" म्हणतात. टॅगमध्ये हाताने १ लिहिला तर पुढच्या स्कॅनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या पुढच्या फेरीला, प्रोग्रॅम किंवा कार्ड तो पुसून टाकू शकतं. फोर्स पुसला जात नाही. लॅपटॉप काढला, सॉफ्टवेअर बंद केलं, बॅटरी चांगली असताना पॅनेलची पॉवर घालवून परत आणली, तरी तो तिथेच असतो. ज्याने लावला तो माणूस नोकरी सोडून गेला तरीही.

नऊ

ऑनलाइन गेलो. वरच्या पट्टीवर फोर्स इन्स्टॉल्ड आणि एनेबल्ड, दोन्ही दिसत होतं. ही दोन वेगळी कामं आहेत. इन्स्टॉल म्हणजे कुठल्या पॉइंटवर कोणती व्हॅल्यू बसवायची ते नोंदवून ठेवणं, एनेबल म्हणजे त्या नोंदी लागू करणं. नोंदी आहेत पण लागू नाहीत अशी अवस्था असेल तर कंट्रोलरवरचा दिवा लुकलुकतो. स्थिर असेल तर फोर्स लागू आहेत.

पण किती आणि कुठे, ते दिवा सांगत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सगळे इनपुट सुरुवातीच्या एका रूटीनमध्ये आतल्या बिटांवर उतरवून घेतले होते आणि पुढे सगळीकडे ती आतली बिटंच वापरली होती. पद्धत चांगली आहे, मीही तसंच लिहितो. पण तिची एक गोची आहे. लॅडरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या ओळींच्या आकृतीत, फोर्सची खूण फक्त मूळ आयओ (इनपुट-आउटपुट) टॅगशेजारी दिसते. सिक्वेन्सच्या ओळी पाहणाऱ्याला नुसतं बिट दिसतं, हिरवं आणि निष्पाप. त्यामुळे लॅडर चाळत बसलो नाही. कंट्रोलर टॅग उघडले, फोर्स मास्कचा स्तंभ समोर आणला आणि रॅकमधलं एकेक कार्ड उघडून प्रत्येक पॉइंट पाहिला. जे सापडलं ते हाताने कागदावर लिहिलं: टॅग, टर्मिनल नंबर, फोर्स केलेली व्हॅल्यू आणि कार्डाच्या दिव्यावर दिसणारी खरी व्हॅल्यू.

नऊ निघाले. सात इनपुट, दोन आउटपुट.

इनपुटमध्ये आपला चोक-अपचा १४ नंबर. दोन झिरो स्पीड स्विच (फिरणं थांबलं की कळवणारे), एक रिटर्न बगॅस कॅरिअरचा आणि एक दुसऱ्या बगॅस बेल्टचा. त्याच बेल्टच्या डाव्या बाजूची पुल कॉर्ड, म्हणजे ओढली की बेल्ट थांबवणारी दोरी. त्याचाच बेल्ट स्वे (बेल्ट बाजूला सरकला की कळवणारा स्विच). एका मिलच्या गिअरबॉक्सचा ल्युब ऑइल प्रेशर स्विच. आणि इम्बिबिशनच्या (रस पूर्ण निघावा म्हणून चोथ्यावर मारायच्या) पाण्याच्या टाकीचा लो लेव्हल फ्लोट. सगळे १ वर, म्हणजे "सगळं ठीक आहे" या बाजूला. आउटपुटमध्ये बेल्ट सुरू होण्याआधी वाजणारा हूटर आणि इम्बिबिशन टाकी भरणारा पंप. दोन्ही ० वर.

यादी हातात घेऊन मी थोडा वेळ नुसता बसलो. दुसऱ्या बेल्टकडे बघा. बेल्ट सुरू होताना हूटर वाजणार नाही. तो सरकला तर प्रोग्रॅमला कळणार नाही. ड्रम फिरतोय आणि बेल्ट घसरतोय, हेही कळणार नाही. आणि डाव्या बाजूच्या माणसाने घाबरून दोरी ओढली तर काहीही होणार नाही. गेल्या हंगामाचे शेवटचे दिवस कोरड्या बगॅसचा तो बेल्ट असा चालला होता.

कोणी लावले

हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. कंट्रोलरकडून उत्तर मिळालं नाही. त्याला व्हॅल्यू पाठ होती, माणूस आणि तारीख नाही. मग रात्रपाळीची लॉगबुकं काढली आणि वायरमन काकांना चहा पाजला. गोष्ट तुकड्यातुकड्याने जुळली.

मार्चअखेर अवकाळी पाऊस झाला. दुसऱ्या बेल्टच्या पुल कॉर्डच्या डब्याची केबल वरून आत जात होती, केबल ग्लँड आकाशाकडे तोंड करून. डब्यात पाणी गेलं. रात्री दोनच्या सुमाराला बेल्ट दर दहा मिनिटांनी ट्रिप होऊ लागला. बेल्ट थांबला की बॉयलरला बगॅस नाही, बॉयलरचं प्रेशर उतरलं की टर्बाइन लोड सोडणार, ग्रिडला जाणारी वीज कमी होणार. चीफ साहेबांचा फोन, मग जनरल मॅनेजरचा. बाहेरचा एक प्रोग्रॅमर फोनवरून सांगत होता आणि इथला एक ट्रेनी लॅपटॉपवर करत होता. पुल कॉर्ड फोर्स झाली, बेल्ट चालला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढच्या पंधरा दिवसांत त्याच हाताने बाकीचे झाले, कारण आता वाट माहीत झाली होती. हूटरची कथा वेगळी. त्याचा आवाज रात्री कॉलनीत जात होता, तक्रार आली, "तात्पुरता" बंद केला.

चोक-अपचा पॉइंट सगळ्यात जुना. तिथला मूळ स्विच दोन वर्षांपूर्वी मोडला, तेव्हा काढून टाकला. वायर कापली, आयओ लिस्टमध्ये "स्पेअर" लिहिलं. प्रोग्रॅममधलं इंटरलॉक (ती अट पुरी नसेल तर यंत्र चालू न देणारी सोय) तसंच राहिलं, म्हणून बिट १ वर फोर्स. या ऑफ सीझनला नवा स्विच बसवणाऱ्या ठेकेदाराने लिस्ट बघितली, "स्पेअर" दिसलं, वायर तिथे जोडली. त्याचं काही चुकलं नाही. उलट त्याने तो पॉइंट निवडला नसता तर बाकीचे आठही तसेच नव्या हंगामात गेले असते.

त्या ट्रेनीवर सगळं ढकलायची तयारी मीटिंगमध्ये दिसली, तेव्हा मी माझं एक प्रकरण सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वी एका कमिशनिंगमध्ये मी एक लिमिट स्विच फोर्स करून घरी गेलो होतो. गाडी लोणावळ्याला पोचली तेव्हा आठवलं. फोन करून काढायला लावला. नसता आठवला तर ते मशीनही कोणीतरी "असंच आहे" म्हणून चालवलं असतं.

"रिमूव्ह ऑल दाबा की"

चीफ साहेब वर आले, यादी पाहिली, चेहरा उतरला आणि म्हणाले, "अहो, मग सगळे काढून टाका ना एकदम. बटण आहे ना त्याला? आत्ता तर प्लांट बंदच आहे."

बटण आहे. प्लांटही बंद होता. आणि हाच प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा क्षण होता.

फोर्स लावताना माणूस निदान त्या एका यंत्राकडे बघत असतो. काढताना तो कागदावरच्या यादीकडे बघतो. मी साहेबांना म्हटलं, "दोन तास द्या. प्रत्येक फोर्स निघाल्यावर प्रोग्रॅमला काय दिसेल आणि तो काय करेल, ते आधी ओळीवर शोधतो." ते नाराज होते, पण बसले.

इनपुटचं गणित सोपं होतं. कार्डाच्या दिव्याची खरी व्हॅल्यू आणि फोर्सची व्हॅल्यू सारखीच असेल तर काढून काही बदलणार नाही. वेगळी असेल तर इंटरलॉक तुटेल. बंद प्लांटमध्ये ट्रिप होणं म्हणजे काहीच न होणं. आउटपुटला मात्र उलटं विचारावं लागतं: प्रोग्रॅम आत्ता या आउटपुटकडून काय मागतोय? हूटरची ओळ थंड होती. पंपाची ओळ बघितली. ऑटो मोडचं बिट लॅच होतं, म्हणजे लागल्या जागी धरलेलं, एप्रिलपासून. लॅच केलेलं बिट पॉवर गेल्याने सुटत नाही. ऑटो असेल आणि टाकीची लेव्हल लो असेल तर पंप चालू, एवढीच ती ओळ. टाकी ऑफ सीझनमध्ये रिकामी, कोरडीठाक. मग ओळ पूर्ण का होत नव्हती? कारण लेव्हलचा फ्लोटसुद्धा १ वर फोर्स होता. प्रोग्रॅमच्या दृष्टीने टाकी भरलेली होती.

आता गंमत बघा. पंपाच्या आउटपुटचा फोर्स आधी काढला असता तर काहीच झालं नसतं. आपण म्हटलं असतं, चला, हा सुरक्षित निघाला. मग तीन-चार इनपुट काढून झाल्यावर यादीतला निरुपद्रवी दिसणारा फ्लोट काढला असता, आणि त्या क्षणी पंप सुटला असता. एकेक करून काढा, हा सल्ला बरोबर आहे, पण तो इथे पुरला नसता. दोन फोर्स एकमेकांना झाकून बसले होते. "रिमूव्ह ऑल"ने तर दोन्ही एकदमच उघडे पडले असते.

मी काकांना विचारलं, "इम्बिबिशनच्या पंपावर आत्ता कोणी आहे का?"

"दोघे फिटर बसलेत की. कपलिंगचा गार्ड काढून अलाइनमेंट चाललीय. डायल लावलाय."

"फीडर?"

एमसीसीची, म्हणजे मोटरांना वीज देणाऱ्या पॅनेलची, माणसं त्या सकाळपासून टेस्टिंगसाठी फीडर (एकेका मोटरची वीजवाट) एकेक करून चालू करत होती. पंपाचा चालू होता. पाच महिने पंप फिरला नव्हता, त्यामुळे तो बंदच असणार असं सगळ्यांनी धरलेलं. फिटर हाताने शाफ्ट फिरवत होते.

चीफ साहेब काही बोलले नाहीत. उठून स्वतः एमसीसीमध्ये गेले, फीडर बंद करून ड्रॉवर बाहेर ओढला, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. त्यांनी खालून पंपाजवळच्या लोकल बटणावरून स्टार्ट दाबायला लावलं. पंप हलला नाही, तेव्हाच परत वर आले.

नंतर कळलं की पंपाचा फोर्स का बसला होता. एप्रिलमध्ये टाकी साफ करायची होती. पाणी उपसल्यावर लेव्हल लो होई आणि पंप आपोआप सुरू होई. कोणीतरी फ्लोट १ आणि आउटपुट ० करून ठेवलं, आणि माणूस टाकीत उतरला. फीडर चालू ठेवून, नुसत्या फोर्सच्या भरवशावर. मला या प्रकरणात पुल कॉर्डपेक्षाही हे जास्त लागलं. फोर्स म्हणजे आयसोलेशन नव्हे. दुसऱ्या कोणी लॅपटॉप जोडून फोर्स डिसेबल केला, आउटपुट कार्डातला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, स्टार्टरचा कॉन्टॅक्टर हाताने दाबला गेला, यातलं काहीही घडलं तरी आतला माणूस गेला. कुलूप फीडरवर हवं, आणि किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात.

काढणं

दोन दिवस लागले. प्रत्येकाची रीत एकच ठेवली. आधी यंत्राजवळ माणूस, फीडर कुलुपात किंवा जागा मोकळी. मग एक फोर्स काढायचा, कार्डाचा दिवा आणि टॅग जुळतात का ते बघायचं, आणि फिल्डमधला स्विच खरोखर हलवून दोन्ही बाजू तपासायच्या. स्विच हलवल्याशिवाय फोर्स निघाला असं म्हणायचं नाही, एवढा नियम मी हट्टाने पाळला.

फोर्सखाली दबलेले खरे बिघाड एकेक करून वर आले. पुल कॉर्डच्या डब्यातले कॉन्टॅक्ट हिरवे पडले होते. नवा डबा बसवला आणि केबल खालून आत घेतली. बेल्ट स्वेच्या रोलरमागे बगॅस दाटून दगडासारखं झालं होतं. ल्युब ऑइलच्या स्विचची बारीक नळी चोकअप. चाळीस मिनिटांचं काम, ज्याच्यासाठी गिअरबॉक्स तेलाच्या भरवशावर नव्हे तर नशिबाच्या भरवशावर चालला होता. रिटर्न कॅरिअरच्या झिरो स्पीडला सेन्सर चांगला होता, टेल शाफ्टवरची पट्टी ढिली होऊन लांब गेली होती.

नऊही निघाले आणि मी पॅनेल उघडलं. पिवळा दिवा पेटलेलाच. स्थिर.

अर्धा तास आम्ही दहावा फोर्स शोधत होतो. रिमोट रॅक पाहिले, सगळी कार्डं पुन्हा पाहिली. चीफ साहेबांनी तर दुसऱ्या प्रोग्रॅमरला फोन लावायची तयारी केली. मग माझी ट्यूब पेटली. एकेक फोर्स काढला तरी "एनेबल" ही अवस्था तशीच राहते, आणि या कंट्रोलरवर स्थिर पिवळा म्हणजे फोर्स लागू करायची मुभा चालू आहे, मग यादीत एकही व्हॅल्यू नसली तरी. डिसेबल केलं, दिवा गेला. ही नुसती दिव्याची शोभा नाही. एनेबल राहून गेलं असतं तर पुढच्या वेळी कोणी फोर्स नोंदवता क्षणी तो लागू झाला असता. मधली "लागू करू का?" ही पायरीच उरली नसती.

त्यानंतर लगेच कंट्रोलरमधून प्रोग्रॅम अपलोड करून नवी फाइल बनवली. जुनी एप्रिलची बॅकअप फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली आणि नावातच "फोर्ससह, वापरू नका" लिहिलं. फोर्स फाइलमध्येही राहतात. ती फाइल डाउनलोड केली की सॉफ्टवेअर विचारतं, फोर्स एनेबल करू का, आणि घाईत माणूस "हो" दाबतो.

बॉयलरच्या पॅकेजचा पीएलसी वेगळा होता, सीमेन्स एस७-३००. तिथे 'एफआरसीई' नावाचा पिवळा दिवा असतो, तो विझलेला दिसला. ऑनलाइन जाऊनही खात्री केली. नव्या एस७-१५०० वर वेगळा फोर्सचा दिवा नसतो, फोर्स चालू असेल तर 'मेंट' हा पिवळा दिवा लागतो, आणि तो इतर कारणांनीही लागतो. म्हणजे दिव्यांची भाषा प्रत्येक बनावटीत वेगळी. इंजिनिअर साहेबांनी तिथल्या तिथे पॅनेलच्या दारावर कागद चिकटवला, आपल्या प्रत्येक पीएलसीवर कुठला दिवा काय सांगतो त्याचा. मराठीत.

फोर्सच्या यादीत नसलेलं

नऊ फोर्स काढून समाधान मानलं असतं तर अर्धंच काम झालं असतं. कंट्रोलरला खोटं सांगायच्या तीन जागा असतात. फोर्स ही मधली. तिच्या एका बाजूला प्रोग्रॅम, जिथे इंटरलॉकच्या कॉन्टॅक्टला समांतर एक कायम चालू असलेलं बिट लावलं की काम भागतं. दुसऱ्या बाजूला मार्शलिंग पॅनेल, म्हणजे फिल्डच्या वायरी जमतात तो, जिथे दोन टर्मिनलमध्ये वायरचा तुकडा घातला की झालं. "लूप मारला" म्हणतात त्याला. या दोन्हींसाठी कुठलाही दिवा लागत नाही. त्या मानाने फोर्स प्रामाणिक म्हणायचा, निदान पिवळा तरी पेटतो.

प्रोग्रॅममध्ये अशी एक समांतर ब्रँच सापडली. मार्शलिंगमध्ये टॉर्च घेऊन काकांनी तीन लूप शोधले, त्यातले दोन त्यांनी स्वतः मारलेले. "हे माझेच," ते सरळ म्हणाले आणि काढले.

एक अडचण उरली. दुसऱ्या बेल्टच्या झिरो स्पीडचा सेन्सरच गेला होता. नवा यायला आठवडा, आणि मोळी त्याआधी. चीफ साहेब म्हणाले, एवढा एक फोर्स परत लावा, सुरू तर करू. मी त्यांना वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट गावच्या बायर क्रॉपसायन्सच्या कारखान्याचं उदाहरण दिलं. २८ ऑगस्ट २००८. मेथोमिलचं युनिट बऱ्याच काळाने सुरू करत होते, कंट्रोल सिस्टिम नवी होती, आणि तापमान पुरेसं होईपर्यंत माल आत येऊ नये यासाठीचं इंटरलॉक बायपास करून ठेवलेलं होतं. टाकीचा स्फोट झाला, दोन कामगार गेले. जवळच मिथाइल आयसोसायनेटची टाकी होती. तोच वायू, जो १९८४ मध्ये भोपाळमध्ये सुटला, आणि हा कारखानाही एकेकाळी युनियन कार्बाइडचाच. तिथे फोर्स नव्हता, बायपास होता. पण प्रसंग आपल्यासारखाच: सुरुवातीची घाई आणि "सुरू तर करू".

तरीही मी त्यांना सरसकट नाही म्हटलं नाही, हे कबूल करतो. सगळे फोर्स सारखे नसतात. पुल कॉर्ड, हूटर, स्वे: या तिघांना कुठल्याही कारणाने फोर्स नाही, बेल्ट बंद राहिला तरी चालेल. झिरो स्पीडसाठी मात्र तोडगा काढला. टेल ड्रमजवळ प्रत्येक पाळीला एक माणूस, हातात वॉकीटॉकी, आणि सेन्सर आला की त्याच पाळीत फोर्स काढायचा. चीफ साहेबांनी कागदावर सही केली. सेन्सर पाचव्या दिवशी आला.

पुल कॉर्ड तर पीएलसीच्या भरवशावर ठेवायलाच नको होती. इमर्जन्सी स्टॉपसारखं काम करणारी गोष्ट प्रोग्रॅममधून जाते, म्हणूनच ती फोर्स करता येते. आम्ही वायरिंग बदललं. पुल कॉर्डचा एक कॉन्टॅक्ट थेट एमसीसीतल्या कॉन्टॅक्टरच्या सर्किटमध्ये, दुसरा पीएलसीकडे, फक्त कुठली दोरी ओढली ते दाखवायला. आता पीएलसीतलं बिट कोणी कितीही फोर्स केलं तरी दोरी ओढली की बेल्ट थांबतो.

वही

प्रोग्रॅममध्ये दोनच गोष्टी घातल्या. जीएसव्ही या इन्स्ट्रक्शनने कंट्रोलरचं फोर्स स्टेटस वाचता येतं, त्यातलं एक बिट फोर्स नोंदवलेत का ते सांगतं, दुसरं ते लागू आहेत का. दोन्ही स्क्रीनवर आणली. लागू असतील तर प्रत्येक पानाच्या वर लाल पट्टी, आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला अलार्म, जो ऑपरेटरला मान्य करावाच लागतो. कुठला पॉइंट ते पट्टी सांगत नाही, पण "असंच आहे" म्हणायची सोय तिने घालवली. दुसरं म्हणजे ज्या इनपुटना हंगामात खरोखर बायपास लागू शकतो, त्यांच्यासाठी प्रोग्रॅममध्येच किल्लीचा बायपास. तो चार तासांनी आपोआप सुटतो आणि त्याची वेळ स्क्रीनवर उलटी मोजली जाते. म्हणजे रात्री दोन वाजता फोर्स लावायचं निमित्तच कमी.

बाकी सगळं वहीत. संगणकात रजिस्टर करा असं तरुण मंडळी म्हणत होती. मी हजेरीची जुनी वही मागवली. ती पॅनेलला दोरीने बांधली. कुठला टॅग, कुठलं टर्मिनल, फोर्सची व्हॅल्यू, त्या वेळची खरी व्हॅल्यू, का लावला, कोणी लावला, कोणी परवानगी दिली, काढताना काय होईल, आणि काढून स्विच हलवून पाहिला का. "काढताना काय होईल" हा रकाना लावतानाच भरायचा, कारण तेव्हाच माणसाला ते माहीत असतं. पाळी बदलताना वहीच्या ओळी आणि पिवळा दिवा जुळतात का, ते दोन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरांनी बघायचं. दिवा आहे आणि ओळ नाही, तर पाळी घ्यायची नाही.

पहिल्या महिन्यात वही रिकामी होती. मला ते आवडलं नाही. एवढ्या मोठ्या प्लांटमध्ये महिनाभर एकही फोर्स लागत नाही असं होत नाही, लोक लूप मारत असणार. काकांना विचारलं तर हसले. मग परवानगीची सही चीफ साहेबांऐवजी पाळीच्या इंजिनिअरला दिली. वहीत ओळी दिसू लागल्या.

फेब्रुवारीत एका रात्री काकांचाच फोन आला.

"साहेब, दिवा लागलाय."

"वहीत काय आहे?"

"दोन ओळी आहेत. पण टॅगमध्ये तीन दिसतात."

"तिसरा कुठला?"

"हूटर," काका म्हणाले. "आज परत कॉलनीतून फोन आला होता. मी बेल्ट थांबवलाय."